पालथा ठेवलेला ढोल

मी ढोल बोलतोय. आवाज जरा मोठा आहे, सांभाळून घ्या. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. पोटात काही ठेवायची सवयही नाही, कारण माझं पोटच रिकामं आहे. तरी एक गोष्ट आहे, जी सांगायला मला इतकी वर्षं तोंडच मिळालं नव्हतं.

माझं खोड आंब्याचं. माण नदीच्या काठी, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाण्याला न थांबता निघून जातो, तिथला एक म्हातारा आंबा वठला. ज्ञानबाच्या बापानं तो देवाच्या नावानं मागून घेतला. सुतारानं मला आतून कोरून पोकळ केलं, दोन्ही तोंडांना बकऱ्याची कातडी ताणून बसवली. त्या कातडीला पान म्हणतात. मग दोऱ्या आवळल्या, अंगावर भंडारा उधळला, आणि बिरोबाच्या देवळासमोर पहिलं टिपरू माझ्यावर पडलं. टिपरू म्हणजे वाजवायची काठी. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताचा पंजा, असा मी वाजतो. त्या पहिल्या ठोक्याला देवळाच्या शिखरावरची पारवी उडाली आणि माझी मान ताठ झाली. मान नाही मला, पण झाली.

देवाच्या ढोलाला नियम असतात. मला कुणी ओलांडायचं नाही. पावसात ठेवायचं नाही. आणि घरात मयत झाली, सुतक आलं, की मला एका तोंडावर पालथं ठेवायचं, सुतक फिटेपर्यंत हात लावायचा नाही. धनगराच्या घरात हे लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं.

ज्ञानबाचा बाप गेला, मग सलग दोन वर्षं पाऊस गेला, आणि मग मेंढरं गेली. ज्ञानबानं उरलेली चार मेंढरं भावकीत दिली, बायकोला म्हणजे केराबाईला घेतलं, मला खांद्याला अडकवलं आणि सोलापूर गाठलं. गिरणीत त्याला काम मिळालं. मोकळ्या माळावर वाढलेला माणूस, भोंग्यावर उठायला लागला, भोंग्यावर जेवायला लागला. सुरुवातीला तो घरी आला की नुसता माझ्याकडं बघत बसायचा. मला वाटायचं, बाबा रे, बघतोस काय, वाजव.

रविवारी तो वाजवायचा. रविवार बिरोबाचा वार, आणि गिरणीला सुट्टी. गावाकडची चार माणसं गोळा व्हायची, केराबाई ओवी धरायची, आणि दिवस उगवायच्या आत आमची बोळ दणाणून जायची.

भिंतीला भिंत लागून चनमल्लप्पाचं घर होतं. भुसाराचं छोटं दुकान, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, घरात कानडी. त्याची बायको चन्नम्मा. दिवस उगवताना लिंग तळहातावर घेऊन शांत बसायचं, ही त्याची पूजा. आणि नेमका त्याच वेळी मी सुरू व्हायचो. एका रविवारी तो ओल्या धोतरानंच दारात आला.

"ज्ञानबा, तुझा देव बहिरा हाय का?" तो म्हणाला.

"न्हाय आप्पा, बहिरा न्हाय. तुमचा मुका हाय म्हनून तुमाला तसं वाटतंय."

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बोळीत समोरासमोर आले की एक भिंतीकडं बघायचा आणि दुसरा आभाळाकडं. बायकांनी मात्र मागच्या दारानं आपला व्यवहार चालू ठेवला. चन्नम्मा शेंगाची चटणी द्यायची, केराबाई तिला धुणं वाळत घालायला हात द्यायची. आणि एक सांगू? चन्नम्माला मी आवडायचो. मागच्या दारी भांडी घासताना ती माझ्या ठेक्यावर राख चोळायची. नवऱ्याला कधी कळू दिलं नाही तिनं.

मग पिलेग आला.

आधी उंदीर पडले. चनमल्लप्पाच्या दुकानात पोत्यामागं एक, गटारीत दोन, आणि एके सकाळी आमच्या उंबऱ्यावर एक. उंदीर पडला की माणसानं घर सोडायचं, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. बोळीतल्या लोकांनी भांडीकुंडी गाडीत टाकली आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घातल्या. तट्ट्यांच्या भिंती, वर कडब्याचं छप्पर, समोर तीन दगडांची चूल. थंडीचे दिवस होते. म्युन्शिपाल्टीचा माणूस येऊन सांगून गेला, झोपड्या लांब लांब घाला, एकमेकांच्या दारात बसू नका.

नशिबाचा खेळ बघा. ओळीच्या टोकाला ओढ्याच्या कडेनं तीन झोपड्या पडल्या. एक आमची, पुढची चनमल्लप्पाची, आणि तिसरी नीलम्माची. नीलम्मा ही तेलुगू विणकराची विधवा. नवरा आणि लेक दोघं मागच्या साथीत गेलेले. म्हातारी एकटी, हातात सुताच्या कांड्या भरायचा रहाट. घर सोडताना तिनं दुसरं काही आणलं नाही, रहाट तेवढा आणला.

दिवस कसाबसा जायचा. संध्याकाळ मात्र जीव खायची. दिवस मावळला की माळावर आवाजच नसायचा. पोरं घरात कोंडलेली, बायका दबक्या आवाजात बोलणाऱ्या, आणि कुठूनतरी एकदम हंबरडा. मग पुन्हा सामसूम. ज्याच्या झोपडीत चूल पेटली नाही तिकडं सगळे बघायचे आणि बघून न बघितल्यासारखं करायचे. मी झोपडीच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, टांगलेला. मला वाटायचं, माझं आता सरपण होणार.

एका संध्याकाळी नीलम्मा गायला लागली. रहाट फिरवत फिरवत, तिच्या तेलुगूत. काय म्हणत होती ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. आवाज चिरका, दम पुरत नव्हता. कडवं संपलं की ती थांबायची, जणू कुणीतरी पुढचं म्हणणार आहे. तिच्या घरात कधीकाळी म्हणत असतील.

केराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"अवं, म्हातारी एकलीच म्हनतीया," ती ज्ञानबाला म्हणाली. "कुनीतरी पुढं म्हनायला पायजे."

"तुला तेलुगू येतंय व्हय?"

"तेलुगू कशाला? मला माझं येतंय की."

आणि तिनं बसल्या जागेवरून ओवी धरली. बिरोबाच्या मेंढरांची ओवी, लांब स्वराची, माळावरून माळावर जाणारी. नीलम्माचा रहाट थांबला. ओवी संपली तशी तिनं तिकडून पुढचं कडवं घेतलं. एक मराठी, एक तेलुगू, मध्ये एक झोपडी. ज्ञानबानं मला मेढीवरून काढलं, चुलीच्या धगीवर माझं पान तापवलं आणि बायकोकडं बघितलं. केराबाईनं डोळ्यांनीच चनमल्लप्पाच्या झोपडीकडं खूण केली, म्हणजे हळू. मला हळू येत नाही हे आधी सांगितलंच आहे. तरी ज्ञानबानं टिपरू बाजूला ठेवलं आणि नुसत्या पंजानं ठेका धरला.

आम्ही सगळे आता चनमल्लप्पा ओरडणार म्हणून वाट बघत होतो. तो बाहेर आला, दारात उभा राहिला, बराच वेळ ऐकलं, आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दारात बसला होता. हातात पितळी ताळ. नीलम्माचं झालं, केराबाईचं झालं, आणि मग घसा खाकरून त्यानं कानडी भजन सुरू केलं. आवाज असा खणखणीत की मीच चकित झालो. इतकी वर्षं भिंतीपलीकडं हा आवाज होता आणि आम्हाला माहीतच नव्हता. ज्ञानबानं टिपरू उचललं.

तिथून रोजचं झालं. मावळतीला नीलम्मा सुरुवात करायची, कारण ती वयानं मोठी. मग केराबाई, मग चनमल्लप्पा. ठेका माझा. कुणी कुणाच्या दारात जायचं नाही, आपापल्या उंबऱ्यावर बसायचं. ओळीतल्या लांबच्या झोपड्यांतली माणसंही बाहेर येऊन बसायला लागली. ज्यांना गाता येत नव्हतं ती टाळ्या वाजवायची. भाषेची अडचण आठवडाभरात संपली. केराबाई तेलुगू ध्रुपद बिनचूक म्हणायची आणि अर्थ विचारला की हसायची. नीलम्मा "चांगभलं" म्हणायला शिकली.

आणि बारा महिने न बोललेले ते दोघं, लांबून ओरडून का होईना, बोलायला लागले.

"आप्पा, ताळ मागं राहतोय," ज्ञानबा म्हणायचा.

"मागं न्हाय, तुझा ढोल पुढं पळतोय की ओ. मेंढरामागं पळायची सवय तुला."

"मग तुमी बी पळा की. सारखं तराजू धरून बसून पाय आखडल्यात तुमचं."

आमच्या आणि त्यांच्या झोपडीच्या मध्ये एक चपटा दगड होता. चन्नम्मा त्याच्यावर चटणीची वाटी ठेवून मागं व्हायची, मग केराबाई जाऊन उचलायची. आमच्या घरचं शिजवलेलं त्यांना चालायचं नाही. म्हणून केराबाई हरभऱ्याची हिरवी भाजी, कच्चा कांदा, असलं काहीबाही ठेवून यायची. अंगाला अंग लागत नव्हतं, पण एकाच्या घरात मीठ संपलं की दुसऱ्याला कळत होतं. मी जत्रा खूप बघितल्या, पण हे असलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

एका संध्याकाळी नीलम्माचं झालं, केराबाईचं झालं आणि चनमल्लप्पाची पाळी आली. दारात कुणी नव्हतं. ज्ञानबानं ठेका धरून ठेवला. भजन आलंच नाही.

"चन्नम्माक्का," केराबाईनं हाक मारली. "अक्का, अवं, काय झालं?"

बऱ्याच वेळानं चनमल्लप्पा बाहेर आला. "ताप हाय तिला," एवढंच म्हणाला. गाठ आली का, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, त्याच्या आवाजात होतंच ते.  तेवढ्यात आतून चन्नम्माचा बारीक आवाज आला.

"ढोल का थांबला? वाजू दे की."

ज्ञानबा उठून उभा राहिला. मला गळ्यात घेतलं, कपाळाला भंडारा लावला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला, "बिरोबाला साकडं घालतोय. आमची अक्का उठून बसली, की जत्रंची गत वाजवीन. तवर रोज ठेका चुकायचा न्हाय."

जत्रेची गत म्हणजे माझी सगळ्यात मोठी गत. देव पालखीत बसून बाहेर निघतो तेव्हाची. ती वाजली की माणसं बेभान होतात. सोलापुरात आल्यापासून ती एकदाही वाजली नव्हती.

मग रोज संध्याकाळी आम्ही तिच्यासाठी वाजवलं. चनमल्लप्पा आतच असायचा, भजन बंद होतं. नीलम्मा आणि केराबाई आलटून पालटून म्हणायच्या आणि मध्येच थांबून कान द्यायच्या. पहिले काही दिवस आतून भांड्यावर वाटी वाजवल्याचा आवाज यायचा. चन्नम्मा ठेका देत होती. मग तो आवाज कमी झाला, आणि मग आलाच नाही. ज्ञानबा म्हणायचा, झोप लागली असेल. केराबाई तेवढ्यात नवी ओवी धरायची.

आता ती संध्याकाळ. ती सांगायची म्हणूनच मी एवढं बोलत आलो.

त्या दिवशी ज्ञानबा गिरणीतून परत आला तेव्हा केराबाई सकाळपासून ओढ्यापलीकडं शेणी वेचायला गेली होती. दिवस मावळतीला टेकला होता. लांबूनच त्याला भजन ऐकू आलं. चनमल्लप्पाचा तोच खणखणीत आवाज, ताळ, आणि बरोबर आणखी दोन-तीन आवाज. ज्ञानबा जागीच थांबला. मग धावत आला. आमच्या दारातून त्यानं बघितलं, आणि मला टांगलं होतं तिथून मलाही दिसलं.

झोपडीच्या दारात चन्नम्मा बसली होती. मांडी घालून, ताठ, खांबाला पाठ टेकून. नवं लुगडं, केसांत फुलं, गळ्यात हार, कपाळभर भस्म. समोर त्यांचा एक पुजारी जंगम, दोन पाव्हणे, आणि चनमल्लप्पा तिच्याकडं पाठ करून भजन म्हणत होता. तिरपं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

मंडळी, लिंगायतात मेलेल्या माणसाला आडवं निजवत नाहीत. बसवतात. सजवून, मांडी घालून, पूजेला बसवावं तसं. आणि समोर रडत नाहीत, भजन म्हणतात. मेली म्हणत नाहीत, लिंगैक्य झाली म्हणतात. सोलापुरात हे ज्याला त्याला ठाऊक आहे. पण ज्ञानबा माणकाठचा धनगर. त्याच्या मुलखात मेलेलं माणूस आडवं असतं आणि त्याच्यापाशी रडारड असते. बसलेलं माणूस म्हणजे जितं माणूस. एकदा गिरणीच्या रस्त्यानं अशी बसलेली मयत जाताना त्यानं पाहिलीही होती, पण त्याला वाटलं कुणा स्वामींची मिरवणूक चाललीय, आणि त्यानं हात जोडले होते.

ज्ञानबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "उठून बसली," तो स्वतःशीच म्हणाला. "बिरोबा पावला."

त्यानं मला गळ्यात घेतलं. पान तापवायलासुद्धा थांबला नाही. भंडाऱ्याची मूठ आभाळात उधळली, चांगभलं म्हणून आरोळी ठोकली आणि जत्रेची गत सुरू केली.

मी वाजलो. खोटं कशाला सांगू, जीव तोडून वाजलो. दुपारपासून भजन ऐकत होतो, मलाही वाटलं ती उठली. ज्ञानबा गिरक्या घेत होता, नाचत होता, रडत होता. ओढ्यापलीकडून केराबाईनं ती गत ऐकली आणि शेणीची पाटी तिथंच टाकून ती गात गात धावत आली. नीलम्मा झोपडीतून बाहेर आली आणि दोन्ही हात हलवायला लागली. ज्ञानबाला वाटलं म्हातारीही नाचतेय. त्यानं आणखी जोर केला.

नीलम्मा चालत आली. माळावर आल्यापासून तिनं स्वतःची झोपडी सोडून कुणाच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. ती सरळ आमच्यापर्यंत आली आणि तिनं आपला तळहात माझ्या पानावर ठेवला. हात ठेवला की ढोल बंद पडतो. मी बंद पडलो.

"बाबा," ती तिच्या तुटपुंज्या मराठीत म्हणाली, "तिला बसवलंय. ती गेली."

ज्ञानबानं तिकडं बघितलं. भजनही थांबलं होतं. चनमल्लप्पा आमच्याकडं बघत उभा होता, ताळ हातात तसाच.  मग तो वळला आणि पुन्हा भजन सुरू केलं.

केराबाईनं गाणं तोडलं. ज्ञानबानं मला गळ्यातून काढलं, झोपडीत नेलं आणि पालथं ठेवलं.  बाहेर तिला बसल्या मांडीनंच खुर्चीत ठेवून माणसांनी खांद्यावर उचललं. ज्ञानबा उघड्या डोक्यानं सगळ्यांच्या मागून, बऱ्याच अंतरावरून चालत गेला. त्याला कुणी जवळ बोलावलं नाही, आणि कुणी जा म्हणूनही म्हटलं नाही.

त्यानंतर आमच्या टोकाला कुणी गायलं नाही. उन्हाळा लागला, साथ ओसरली, माणसं बोळीत परतली. जी उरली होती ती.

ज्ञानबानं मला कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं, पालथंच. रविवारी भावकीतली माणसं आली की दुसऱ्याचा ढोल मागून आणायची. केराबाई सुरुवातीला बोलून बघायची.

"अवं, कळून का केलं तुमी? देवाला ठाव हाय सगळं."

"देवाला ठाव हाय गं. आप्पाला काय वाटलं आसंल? बायकूच्या मड्याम्होरं मी नाचलो."

एवढं म्हणून तो उठून बाहेर जायचा. चनमल्लप्पाशी त्याचं भांडण नव्हतं. रस्त्यात भेटले की आता दोघंही थांबायचे, बरं हाय का विचारायचे. पण ज्ञानबाची नजर खाली असायची. चनमल्लप्पा काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात ज्ञानबा निघून जायचा. मागच्या दारी चटणीची वाटी येईना, कारण देणारी नव्हती. एकदा केराबाईनं आपल्याकडून तिथं हिरव्या हरभऱ्याची जुडी ठेवली. ती कुणीतरी नेली. एवढाच काय तो व्यवहार.

अंधारात पडून राहिलं की वेळ कळत नाही. माझ्या दोऱ्या सैल झाल्या. एका बाजूच्या पानाची कड उंदरांनी कुरतडली. ज्ञानबाच्या मिशा पांढऱ्या झाल्या, हे मला त्याच्या खोकल्यावरूनच कळत होतं. पालथ्या ढोलाला दिसतं काय? फक्त आपलंच पोट.

आणि यंदा पुन्हा उंदीर पडले.

पुन्हा तीच गाडी, तोच माळ, त्याच ओढ्याची कड. सामान बांधताना केराबाईनं ज्ञानबाला न विचारता मला गाडीत टाकलं. झोपडीत आल्यावर मात्र त्यानं मला कोपऱ्यात पालथं ठेवलं. पुढची झोपडी चनमल्लप्पाची. तिसरी नीलम्माची. म्हातारी आता वाकलीय, डोळ्यांनी अधू झालीय, पण आहे.

आज संध्याकाळी ती गायला लागली. पहिल्यासारखीच थांबत थांबत, पुढचं कुणीतरी म्हणेल म्हणून. केराबाई चुलीपाशी बसून होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, त्यानं मान खाली घातली. म्हातारीनं एक कडवं म्हटलं, वाट बघितली. दुसरं म्हटलं. मग तिला खोकला आला.

तेवढ्यात पावलं वाजली. चनमल्लप्पा आमच्या दारात येऊन उभा राहिला. लांबून नाही. दारात.

"ज्ञानबा, ढोल कुठं हाय?"

ज्ञानबा उठला. "आप्पा, आत नका येऊ. साथीचे दिस हायत."

"म्हातारा झालो की मी. साथ माझं काय करणार आता? ढोल कुठं हाय ते सांग."

"पालथा ठिवलाय."

"का?"

ज्ञानबा हळूच म्हणाला, "आमच्यात सुतकात पालथा ठिवत्यात."

"कुणाचं सुतक?"

"अक्काचं."

चनमल्लप्पा उंबऱ्यावर बसला. "आमच्यात सुतकच नसतंय ज्ञानबा. मी तिचा नवरा, मी एक दिवस पाळलं न्हाय. आन तू एवढी वर्सं पाळत बसलास?"

"आप्पा, मी तिच्याम्होरं नाचलो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं हे त्याच्या तोंडावर म्हटलं. "मला वाटलं ती उठून बसली. तुमच्यात बसवत्यात हे मला ठावं नव्हतं. मला जोड्यानं मारा, पण माझ्यावर रुसू नका."

"रुसलो कधी मी? तू थांबतोस कुठं, मी बोलायला लागलो की पळतोस."  तो चुलीकडं वळला. मग बोलायला लागला, आणि मी माझ्या कोपऱ्यातून ऐकत राहिलो.

"तिला मीच बसवलं ज्ञानबा. ह्या हातानं. सकाळीच गेली ती. मीच मांडी घातली, मीच लुगडं नेसवलं, मान पडत हुती म्हणून मीच खांबाला बांधली. अंग गार पडलं हुतं. माझ्याइतकं कुणाला ठाव हुतं ती गेली म्हणून? दुपारपासनं पाठ करून भजन म्हणत हुतो, तिच्याकडं बघायला नको म्हणून. आन तुझा ढोल वाजला. जत्रेची गत. तू सगळ्या माळाला ओरडून सांगितलं हुतंस, अक्का उठून बसली की वाजवीन म्हणून."

केराबाईनं तोंडाला पदर लावला.

"मी वळून बघितलं की ओ," चनमल्लप्पा म्हणाला. "म्हटलं, उठली का काय."

 तिकडं नीलम्माचं गाणं पुन्हा सुरू झालं होतं.

"तेवढं एक वळून बघणं माझ्याजवळ हाय," तो म्हणाला. "बाकी सगळं तर मातीत ठेवून आलो. ते कुणी दिलं, सांग बघू? आन तू पाप केलं म्हणतोस."

ज्ञानबा उठला. कोपऱ्यात आला. माझ्या अंगावरची धूळ त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मला उलटं केलं. किती वर्षांनी मी चुलीचा उजेड बघितला. एक पान कुरतडलेलं आहे, त्याच्यावर टिपरू चालणार नाही. दुसरं अजून धड आहे. दोऱ्या आवळायचं काम चाललंय, केराबाई एक टोक धरून बसलीय आणि दुसरं चनमल्लप्पानं धरलंय.

मंडळी, मी देवाचा ढोल. एका बाईला उठवता आलं नाही मला, हे मी मान्य करतो. फार मोठा आवाज असून काही उपयोग झाला नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी एखाद्या दुःखापायी पालथं पडलं असेल, तर त्याला सुलटं करा, एवढी माझी विनंती आहे. फार उशीर केला की उंदीर खातात.

आता निघतो. माझं पान धगीवर धरलंय, ताण यायला लागलाय. म्हातारी एका कडव्यापाशी थांबलीय आणि पुढचं कुणीतरी म्हणेल म्हणून वाट बघतेय.